सही कशावर घेतली? गरिबांच्या शरीरावरचे संशोधन आणि आपला प्रश्न

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वस्तीत, विहाराच्या सभागृहातच, आरोग्य शिबिर भरले होते. समितीने जागा दिली, पोरांनी खुर्च्या लावल्या, महिला मंडळाने चहाची सोय केली. रक्तदाब, साखर, वजन अशी तपासणी होती. शेवटच्या टेबलावर मात्र एक तीन पानी कागद होता. त्यावर सही किंवा अंगठा घेतला की दोन नळ्या जास्तीचे रक्त काढत होते. कागद इंग्रजीत होता. बाहेर पायरीवर बसलेल्या एका काकूंना मी विचारले, "काकू, सही कशावर केली?" त्या म्हणाल्या, "काय माहीत ताई, डॉक्टर हायेत, वाईट थोडंच करतील? रेशनच्या कागदावर पण करतोच की."

चौकशी केली तेव्हा कळले की तो एका संस्थेचा संशोधन प्रकल्प होता. मधुमेहाचा अभ्यास. त्यात धोक्याचे काही नव्हते. पण काकू तपासणीला आल्या होत्या, संशोधनात सहभागी व्हायला नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी संमतीपत्राची प्रत मागितली, तर टेबलावरचा मुलगा गोंधळून म्हणाला, "मॅडम, प्रत कोणी मागतच नाही."

हा लेख त्या मुलाबद्दल तक्रार करण्यासाठी नाही. ज्या प्रश्नावर जगभर गेली पन्नास-साठ वर्षे वाद चालू आहे, तो आपल्या विहाराच्या सभागृहात येऊन बसला होता आणि आपण त्याला ओळखले नाही, म्हणून लिहिते आहे. श्रीमंत देशातला पैसा, शहरातली संस्था आणि गरीब माणसाचे शरीर एकत्र येतात तेव्हा कोणते नियम लागू करायचे? सगळ्या जगाचे, की "तिथल्या परिस्थितीचे"?

सुरुवात आपल्या महाराष्ट्रातूनच करू.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हळूहळू वाढतो. कर्करोग होण्याआधी पेशींमध्ये बदल दिसू लागतात. ते वेळीच पकडले तर साध्या उपचाराने बाईचा जीव वाचतो. पॅप चाचणी यासाठीच आहे. १९४० च्या दशकापासून ती माहीत आहे आणि पाश्चात्त्य देशांत तिच्या नियमित वापराने या कर्करोगाचे मृत्यू खूप कमी झाले. आपल्याकडे असा राष्ट्रीय कार्यक्रम कधी नीट उभा राहिला नाही. प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे, पुन्हापुन्हा तपासणी हे सगळे लागते. म्हणून संशोधकांनी विचारले, स्वस्त पर्याय चालेल का? एक पर्याय होता गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याचा. बदल झालेला भाग पांढरा दिसतो. थोडे प्रशिक्षण दिलेली आरोग्य सेविकाही हे करू शकते.

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी भारतात तीन मोठे अभ्यास झाले. १९९८ पासून मुंबईतल्या गरीब वस्त्यांमध्ये, १९९९ पासून उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत, आणि तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात. मुंबईचा अभ्यास टाटा मेमोरियलने केला, त्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पैसा होता. बाकी दोन्हींत गेट्स फाउंडेशनचा पैसा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा सहभाग होता.

आता या अभ्यासांची रचना समजून घ्या, कारण वादाचे मूळ तिथे आहे. उस्मानाबादमध्ये १,३१,७४६ स्त्रिया होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, एकाला पॅप, एकाला व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्या गटाला कोणतीच तपासणी नाही. हा चौथा तो नियंत्रण गट. त्यातल्या ३१,४८८ स्त्रियांचे पुढे काय होते ते नोंदवत राहायचे, म्हणजे तुलना करता येते. मुंबईत दोनच गट होते. ७५,३६० स्त्रियांना दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, आणि ७६,१७८ स्त्रियांना सुरुवातीला एकदा आरोग्य शिक्षण. दिंडिगुल धरून तिन्ही अभ्यासांत तपासणी न मिळालेल्या स्त्रिया १,३८,६२४ होतात.

निकाल आले. उस्मानाबादमध्ये एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया मृत्यू पावल्या, नियंत्रण गटात ६४. आजार पुढच्या टप्प्याला गेल्यावरच सापडला अशा स्त्रिया पहिल्या गटात ३९ आणि नियंत्रण गटात ८२. मुंबईचा निकाल २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडला गेला. व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते, त्याचे जगभर कौतुक झाले. तिन्ही अभ्यासांच्या नियंत्रण गटांत मिळून २५४ स्त्रिया या कर्करोगाने गेल्या.

हे २५४ मृत्यू "संशोधनाने घडवले" असे म्हणणे चूक होईल. आजार त्यांना संशोधकांनी दिला नव्हता. अभ्यास झालाच नसता तरी त्यातल्या बहुतेक गेल्याच असत्या. टीकाकारांचा मुद्दा वेगळा आहे. संशोधक त्या स्त्रियांच्या दारापर्यंत पोचले, त्यांची नावे लिहून घेतली, वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले, आणि तपासणी मात्र दिली नाही. असा अभ्यास अमेरिकेत कोणाला करू दिला असता का? तिथे "तुमची तपासणी करणार नाही, फक्त कोण मरते ते मोजू" असा गट करायला कोणत्याच समितीने परवानगी दिली नसती.

संशोधकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. ते म्हणतात, भारतातल्या या स्त्रियांना तशीही तपासणी मिळत नव्हती. आम्ही त्यांचे काही हिरावून घेतले नाही. पॅप चाचणी आपल्या परिस्थितीत किती चालते हे कोणी मोजलेले नव्हते. हा शेवटचा मुद्दा उस्मानाबादच्या निकालाने काही अंशी खरा ठरवला. तिथे पॅप आणि व्हिनेगर या दोन्ही गटांत मृत्यू लक्षणीय कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही, फक्त एचपीव्ही चाचणीच्या गटात झाले. म्हणजे प्रश्न खरोखर खुला होता. मी हा भाग वाचला तेव्हा माझेही आधीचे ठाम मत जरा हलले.

पण "त्यांना तशीही मिळत नव्हती" या वाक्यावर थांबू या. शास्त्रीय भाषेत याला स्थानिक उपचार-मानक म्हणतात. नवीन उपायाची तुलना जगातल्या उत्तम उपायाशी न करता, त्या ठिकाणी जे प्रचलित आहे त्याच्याशी करायची. गरीब वस्तीत प्रचलित काय असते? काहीच नाही. मग "काहीच नाही" हेच मानक होते. कालपर्यंत जो अन्याय होता, तो संशोधनाच्या आराखड्यात शिरला की "स्थानिक परिस्थिती" होतो. शोधनिबंधात "कमी सामाजिक-आर्थिक स्तर" असे लिहिलेले असते. मुंबईच्या झोपडपट्टीत आणि मराठवाड्याच्या गावकुसाबाहेर कोण राहते हे या संकेतस्थळाच्या वाचकांना सांगायला नको.

आणि संमतीचे काय? मुंबईच्या अभ्यासात अमेरिकेचा सरकारी पैसा असल्यामुळे तिथल्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाकडे एका अमेरिकन डॉक्टरने तक्रार केली. २०१२ मध्ये त्या कार्यालयाने म्हटले की स्त्रियांना संमती देण्यासाठी पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. नियंत्रण गटातल्या बाईला "अशी चाचणी अस्तित्वात आहे, ती इतरत्र करून घेता येते" हे कळणे, ही त्या माहितीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रचनेबद्दल दोन मते असू शकतात. या गोष्टीबद्दल माझ्या मते असू शकत नाहीत. चाचणी करून द्यायला पैसे लागतात, चाचणी आहे हे सांगायला लागत नाहीत.

असाच वाद त्याआधी एड्सच्या औषधावरून झाला होता, आणि त्यात एक धडा आहे जो सहसा सांगितला जात नाही.

१९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासातून सिद्ध झाले की एचआयव्हीबाधित गर्भवतीला एझेडटी हे औषध दिले तर बाळाला होणारी लागण साधारण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येते. पण तो उपचार लांबलचक आणि महागडा होता. गरीब देशांसाठी छोटा, स्वस्त उपचार चालेल का हे पाहण्यासाठी आफ्रिकेत, थायलंडमध्ये आणि इतर ठिकाणी अभ्यास सुरू झाले. त्यातल्या बहुसंख्य अभ्यासांत निम्म्या बायकांना प्लासिबो दिला, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सिद्ध झालेले औषध जगात असताना! १९९७ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून हे उघड मांडले, आणि त्या नियतकालिकाच्या संपादिकेने याची तुलना टस्कीगीशी केली.

टस्कीगी माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा आजार "कसा वाढतो" हे पाहत ठेवले. त्यांना आजाराचे नावही सांगितले नाही, "रक्त खराब आहे" एवढेच सांगितले. पेनिसिलिन आले तरी दिले नाही. ही गोष्ट वर्तमानपत्रात फुटली १९७२ च्या जुलैमध्ये. त्याच वर्षी मुंबईत, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, दलित पँथर उभी राहिली. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची गोष्ट तेव्हा किती ठाऊक होती कोण जाणे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागायला १९९७ साल उजाडावे लागले.

एझेडटीच्या अभ्यासांची बाजू घेणाऱ्यांत फक्त अमेरिकन नव्हते. युगांडातल्या एका संशोधन समितीच्या प्रमुखांनी कळवले की हा आमच्या लोकांसाठीचा अभ्यास आहे, त्याचा निर्णय आम्ही घेऊ, बाहेरच्यांनी आम्हाला नीती शिकवू नये. यात वसाहतवादाचा जुना राग आहे आणि तो खोटा नाही. पण "आम्ही" म्हणजे कोण, हा प्रश्न आपण बाबासाहेबांकडून शिकलो आहोत. देशाच्या नावाने बोलणारा डॉक्टर आणि प्लासिबो घेणारी गर्भवती यांचे "आम्ही" एकच आहे असे गृहीत धरता येत नाही.

आता तो न सांगितला जाणारा धडा. थायलंडमध्ये त्याच काळात दोन्ही प्रकारचे अभ्यास झाले. बँकॉकमध्ये ३९७ बायकांवर प्लासिबोसह अभ्यास झाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये निकाल आला की छोट्या उपचाराने लागण १८.९ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर येते. दुसरीकडे हार्वर्डच्या सहकार्याने १,४३७ थाई बायकांचा अभ्यास झाला, त्यात प्लासिबो नव्हताच. लांब आणि छोट्या उपचारांची एकमेकांशी तुलना केली होती. सर्वांत छोटा उपचार कमी पडतो असे मध्येच दिसल्यावर तो गट थांबवला. पहिल्या अभ्यासाने लवकर उत्तर दिले हे खरे, आणि त्या उत्तराचा फायदा पुढे पुष्कळ बाळांना झाला हेही खरे. पण "गरीब देशात दुसरा मार्गच नसतो" हे मात्र खोटे ठरले. देश तोच, आजार तोच, औषध तेच. एका अभ्यासात प्रत्येक आईला औषध मिळाले.

या वादानंतर जागतिक वैद्यकीय संघटनेने २००० मध्ये आपल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट केले की नवीन उपायाची तुलना उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम उपायाशी व्हावी. पुढे त्यात अपवाद वाढले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर २००८ मध्ये परदेशातल्या चाचण्यांसाठी हेलसिंकीची अटच काढून टाकली. २०२४ च्या सुधारणेत जाहीरनाम्याने माणसांना "सब्जेक्ट" म्हणणे सोडून "सहभागी" म्हणायला सुरुवात केली. शब्द बदलायला साठ वर्षे लागली.

आता संस्कृतीबद्दल. परदेशी पुस्तकांत एक युक्तिवाद नेहमी येतो. एकट्या व्यक्तीची लेखी संमती ही पाश्चात्त्य कल्पना आहे. आशिया-आफ्रिकेत निर्णय नवरा घेतो, घरातला मोठा घेतो, गावचा प्रमुख घेतो, म्हणून संमतीचे नियम तिथे सैल हवेत. समाजशास्त्र शिकताना मलाही हे एकेकाळी पटायचे. संस्कृतीचा आदर करा, असे आम्हाला वर्गात शिकवत. पुढे वस्तीत काम करायला लागल्यावर कळले की ज्याला संस्कृती म्हणतात त्यातला बराच भाग म्हणजे कोणाला विचारायची हिंमत नाही आणि कोणाला उत्तर द्यायची गरज वाटत नाही, एवढेच असते. जातीलाही संस्कृतीच म्हणत होते. बाईने नवऱ्याशी, सासूशी बोलून ठरवावे, त्यासाठी तिला दोन दिवस द्यावेत, हा संस्कृतीचा आदर झाला. नवऱ्याची सही घेऊन तिच्या दंडातून रक्त काढणे हा नाही.

याचे आपल्याच देशातले उदाहरण खम्ममचे आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. पाथ ही अमेरिकन संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारे त्यात होती, लस कंपन्यांनी फुकट दिली होती. खम्ममच्या मुलींत वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही. पण संमतीपत्रे उघडली तेव्हा काय दिसले? खम्ममच्या ९,५४३ अर्जांपैकी २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या सह्या होत्या, आणि १,९४८ अर्जांवर अंगठे. आईवडील पाड्यावर, मुलगी वसतिगृहात, आणि पालक म्हणून सही सरकारी नोकराची. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या ७२व्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

इथे कार्यकर्त्यांना एक विनंती. या प्रकरणातून "लस वाईट" असा निष्कर्ष काढून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. एचपीव्ही लस उपयोगाची आहे, आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती तयार केली आहे. आपल्या मुलींना ती मिळायला हवी. खम्ममची चूक लशीत नव्हती, विचारण्याच्या पद्धतीत होती. उलट अशा पद्धतीमुळेच लोकांचा चांगल्या लशीवरचाही विश्वास उडतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. बुद्ध आनंदासोबत तिथे येतात आणि विचारतात, तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही? तो सांगतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. बुद्ध स्वतः पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात, आणि मग संघाला बोलावून समज देतात. मला यातले भिक्खूचे उत्तर जास्त आठवत राहते. जो उपयोगाचा नाही त्याच्याकडे कोणी पाहत नाही हे त्याने किती सहज सांगितले. संशोधनात गरीब माणूस अचानक उपयोगाचा होतो. त्याच्या दारात गाडी येते, नाव लिहून घेतात, वजन करतात. अभ्यास संपला की तो पुन्हा निरुपयोगी होतो. त्याची शुश्रूषा त्याच्या उपयोगावर अवलंबून राहू नये, एवढीच संशोधनाच्या नीतीतली सगळ्यात जुनी मागणी आहे.

हे सगळे आपल्याला इतके जवळचे का, तर सिकलसेलमुळे.

विदर्भातल्या वाचकांना "एएस पॅटर्न", "एसएस पॅटर्न" हे शब्द समजावायची गरज नाही. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासींत आणि अनुसूचित जातींत, विशेषतः पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, मोठ्या प्रमाणावर आढळतो. आपल्या कित्येक घरांत दुखण्याने तळमळणारे एखादे मूल आहे. २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, गावोगावी रक्त तपासले जाते आहे. याच वर्षी अमेरिकेत सिकलसेलवर जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यातल्या एकाची किंमत एका रुग्णामागे वीस लाख डॉलरहून जास्त आहे. आपल्यावर संशोधन व्हायलाच हवे, नाहीतर आपल्या आजाराचे औषध कोण शोधणार? पण उद्या नवीन उपचाराची चाचणी नागपूर-चंद्रपूरकडे आली, ती यशस्वी झाली, आणि नंतर ते औषध आपल्याला परवडणारच नसेल तर? चाचणी संपल्यावर सहभागींना औषध मिळत राहील का, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे लागते. नंतर कोणी देत नाही.

दुसरा प्रश्न साठवलेल्या रक्ताचा. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. मधुमेहाने त्रासलेली. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. लोकांची समजूत, मधुमेहासाठी. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजार, जवळच्या नात्यातली लग्ने आणि जमातीचे मूळ स्थलांतर यांचा अभ्यास झाला. आपण या दरीतच जन्मलो असे मानणाऱ्या लोकांना कळले की आपल्याच रक्तावरून कोणीतरी आपण आशियातून आलो असे लिहिले आहे. जमातीतल्या एका स्त्रीने २००३ मध्ये विद्यापीठातल्या एका सादरीकरणात हे ऐकले आणि उठून प्रश्न विचारला. खटला झाला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि रक्ताचे नमुने परत केले.

जमातीचे मूळ कोणते यात विज्ञानाचे म्हणणे बरोबर असेल. बौद्ध म्हणून मला दंतकथेचा बचाव करायचा नाही. पण ज्याचे रक्त, त्याला विचारल्याशिवाय त्यावर दुसरे काही करायचे नाही, हे दंतकथेवर अवलंबून नाही. आपल्याकडे तर एखाद्या जातीचे नाव आणि आजाराचे नाव एकत्र छापले की त्याचे परिणाम मुलींच्या लग्नापर्यंत जातात. मुलाला एएस निघाले तर लोक वधूवर मेळाव्यात फॉर्म भरताना ते लपवतात, हे मी पाहिले आहे.

मग करायचे काय? कायदा आता पूर्वीइतका दुबळा नाही, हे आधी माहीत हवे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यानंतर बरेच बदल झाले. नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ नुसार सहभागीला त्याला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. नव्या रसायनाची चाचणी दुर्बल घटकातल्या माणसावर होत असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. हे नियम मुख्यतः औषधांच्या चाचण्यांना लागू आहेत. रक्ताचे नमुने, तपासणी शिबिरे, सर्वेक्षणे अशा संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. भारतातल्या औषध चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर असते, ती कोणालाही पाहता येते. वस्तीत कोणी चाचणी घेऊन आले तर नोंदणी क्रमांक मागा आणि मोबाइलवर तिथेच तपासा. पैसा कुणाचा, रक्त किती वर्षे ठेवणार, दुसऱ्या कामाला वापरणार का, निकाल आम्हाला सांगणार का, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि सही केलेल्या कागदाची प्रत घ्या, कोणी मागत नसले तरी.

आणखी एक दार उघडे आहे, ज्याकडे आपली तरुण मंडळी पाहत नाहीत. प्रत्येक संशोधन संस्थेची एक नैतिकता समिती असते, ती परवानगी देते. नियमाप्रमाणे त्यात किमान सात सदस्य हवेत, निम्मे त्या संस्थेबाहेरचे. त्यात एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा आणि एक समाजशास्त्र किंवा सामाजिक संस्थेतला माणूस असावा लागतो. या जागा बहुतेक वेळा ओळखीतून भरल्या जातात. आपल्याकडे वकील आहेत, एमएसडब्ल्यू झालेले आहेत, समाजशास्त्राचे प्राध्यापक आहेत. जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहून विचारा, समितीवर कोण आहे, जागा कधी रिकामी होते.

आमच्या विहारात आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. शिबिरासाठी जागा मागणाऱ्याने संमतीपत्र असेल तर आठ दिवस आधी मराठीत द्यायचे, आणि रविवारच्या वंदनेनंतर ते मोठ्याने वाचायचे. गेल्या महिन्यात असाच एक कागद वाचला. तो शुद्ध मराठीत होता, व्यवस्थित होता. वाचून झाल्यावर त्याच काकू मागून म्हणाल्या, "सगळं ठीक हाय, पण तपासणीत काही निघालं तर गोळ्या कोण देणार, ते कुठं लिहिलंय?" कागदावर ते कुठेच नव्हते. काकूंचा प्रश्न आम्ही जसाच्या तसा त्या संस्थेला लिहून पाठवला आहे. उत्तर आल्यावर शिबिराची तारीख ठरेल.